पहिल्यांदाच बाइकचे ब्रेक ब्लीड करताय, म्हणजे ब्रेकच्या ऑइलमधली हवा काढताय?

घरी नक्की जमेल, फक्त घाई नको. ब्रेक ऑइल कोणतं ते मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे ऑइलच्या डबीच्या, झाकणावरच लिहिलेलं असतं, डॉट ३ किंवा डॉट ४. तेच घ्या आणि सीलबंद बाटलीतलं घ्या. उघडी बाटली हवेतला ओलावा ओढते.

क्रम असा: लिव्हर दाबून धरा, निपल (चाकाजवळच्या ब्रेकवरचा हवा काढायचा स्क्रू) पाव आटा सैल करा, ऑइल निपलला लावलेल्या नळीतून येऊ द्या, निपल आवळा, मगच लिव्हर सोडा. नवखे इथेच चुकतात. लिव्हर आधी सुटला की हवा परत आत!

- वरच्या डबीतलं ऑइल तळाला जाऊ देऊ नका, नाहीतर सगळं पहिल्यापासून.
- निपलला रिंग पाना लावा, जोर बेताचाच.
- सांडलेलं ऑइल रंग खातं, लगेच पाण्याने धुवा.

एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीचं नंतर बोलू. लिव्हर कडक लागेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका.