सिस्कोच्या सीसीएनए या नेटवर्किंगच्या परीक्षेत नापास झालो. नाशिकमध्ये नोकरी सांभाळून पुन्हा तयारी कशी करू?

खचू नका, पहिल्या खेपेला मीही नापास झालो होतो. आधी निकालपत्रक नीट वाचा, त्यात विषयवार टक्केवारी असते. आयपी कनेक्टिव्हिटीला (एका नेटवर्कमधून दुसऱ्यात डेटा पोचवणाऱ्या राउटिंगचा भाग) २५ टक्के वजन आहे. तिथे कमी पडला असाल तर सुरुवात तिथूनच.

सातपूरची शिफ्ट संपवून मी रात्री पॅकेट ट्रेसर या सिस्कोच्या नेटवर्क सिम्युलेटरवर (तो फुकट मिळतो) ओएसपीएफ, म्हणजे राउटर एकमेकांना मार्ग कळवतात तो प्रोटोकॉल, मुद्दाम बिघडवायचो. एका राउटरचा हॅलो टायमर (दर किती सेकंदांनी 'मी आहे' असं कळवायचं ती वेळ) बदलायचा, एरिया (राउटरचा गट) चुकवायचा आणि नेबर, म्हणजे शेजारचा राउटर, का जुळत नाही ते शोधत बसायचं. नुसते व्हिडिओ बघून हे अंगात मुरत नाही. सबनेटिंग, म्हणजे नेटवर्कचे छोटे भाग पाडायचा हिशोब, रोज कागदावर करा. /२६ आकाराचा भाग म्हटलं की ६२ होस्ट (त्यात जोडता येणारी उपकरणं) लगेच तोंडात यायला हवेत. परीक्षेत मागच्या प्रश्नावर परत जाता येत नाही, म्हणून घड्याळ लावून सराव करा. कॉलेज रोडला पुन्हा क्लासची फी भरण्याआधी महिनाभर एवढं करून बघाच.