अहिराणी बंद करू नका, आधी कान तपासून घ्या

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा अडीच वर्षांचा झाला तरी मोजकेच शब्द बोलतो, नर्सरीवाले म्हणतात घरात अहिराणी बंद करा आणि सासूबाई दुखावल्यात. आमच्याकडे अमळनेरला हेच झालं होतं, म्हणून लिहायला बसले.

मी डॉक्टर नाही, अनुभवाचं सांगते. शब्द मोजताना मराठी-अहिराणी दोन्ही धरा. "पानी जोयजे" (पाणी पाहिजे) म्हणाला तर दोन शब्द जोडले. साधारण दोन वर्षांपर्यंत ५० च्या आसपास शब्द आणि अशी जोडणी यायला हवी, म्हणून आता वाट बघू नका. बालरोगतज्ज्ञांना विचारून कानांची तपासणी करून घ्या. हाकेला वळतो म्हणजे ऐकू नीट येतं असं नाही. बेरा, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी तपासणी, लहान मुलांची झोपेत करतात, तेव्हा त्याच्या झोपेची वेळ साधून जा.

आता नर्सरीचं. आम्हालाही एका शाळेनं "दोन भाषांनी मूल गोंधळतं" असं ठासून सांगितलं. दोन भाषांमुळे बोलणं लांबत नाही, हे पुढे स्पीच थेरपिस्टनं समजावलं. तोवर नुकसान झालं होतं. आम्ही दोघं दिवसभर दुकानात. घरी सासूबाई भाकरी थापता थापता "आठे ये" (इकडे ये), "काय करी ऱ्हायना रे" करत आमच्या पोराशी सारखं बोलायच्या. आपली बोली पोराला नडते म्हटल्यावर त्या गप्पच झाल्या आणि ती जागा मोबाईलनं घेतली. शाळेनं पोराचा बोलणारा माणूसच काढून घेतला, याचा राग अजून जात नाही. लेवा, पावरी, भिली बोलणाऱ्या घरांनाही हेच ऐकवतात. जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव आहे, आणि त्यांच्या लेवा बोलीत पोराशी बोलायला आईनं का लाजावं?

मोबाईलवरच्या बालगीतांनी भाषा येईल असं समजू नका. २००३ मध्ये पॅट्रिशिया कुल या संशोधक बाईंनी अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी मँडरिन ऐकवली. समोर बसून माणूस बोलला तेव्हा बाळं त्यातले ध्वनी ओळखायला शिकली, टीव्हीवरून ऐकवल्यावर शिकली नाहीत. जागतिक आरोग्य संघटनाही या वयाला दिवसाला तासाभराहून जास्त स्क्रीन नको म्हणते.

खर्चाची अडचण असेल तर अंगणवाडीत विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं, तिथून पुढे पाठवतात. आणि थेरपिस्टकडे सासूबाईंना बरोबर न्या. मुलगा कोणता आवाज कशासाठी काढतो, हे त्यांनाच जास्त माहीत असेल.