धारवा, बेरिंग आणि बुश

प्रश्न असा आला आहे: 'अमेरिकेतल्या भावाने त्याच्या २००८ च्या हार्ले-डेव्हिडसनला (ट्विन कॅम इंजिन) जोरकस कॅमशाफ्ट बसवले, सोबत कॅम बेअरिंगही बदलली. ती हकीकत मराठीत लिहितोय. बेअरिंगला धारवा म्हणू का?'

(कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा, थोडक्यात कॅम. बेअरिंग म्हणजे अशा फिरत्या दांड्याला आधार देणारा भाग.) धारवा शब्द चांगला आहे. मराठी विश्वकोशाने तो वापरलाय, आणि 'धरणे'शी नातं असल्याने अर्थही उघड आहे. पण गॅरेजात जाऊन 'धारवा द्या' म्हणालात तर पोरगा मालकाकडे बघेल आणि मालक तुमच्याकडे. तिथे बेरिंगच. (आणि बेरिंग तरी अगदी परकं कुठे? त्यातला इंग्रजी धातू आणि आपल्या 'भार'मधला 'भृ' हे चुलत भाऊच.)

खरी पंचाईत पुढे आहे. गॅरेजातलं बेरिंग इंग्रजीतल्याइतकं ऐसपैस नाही. आत छर्रे, रोलर किंवा सुया असतील तरच ते बेरिंग. नुसती धातूची नळी असेल तर तो बुश. आणि दांडा थेट ॲल्युमिनियमच्या भोकात, तेलाच्या थरावर फिरत असेल तर गॅरेजात त्याला वेगळं नावच नाही. इंग्रजी मॅन्युअल मात्र या तिन्हींना बेअरिंग म्हणून मोकळं होतं.

तुमच्या भावाच्या इंजिनात यातले दोन प्रकार एकाच कॅमशाफ्टवर आहेत! आतलं टोक इंजिनाच्या केसमध्ये ठोकून बसवलेल्या सुयांच्या बेरिंगमध्ये फिरतं. बाहेरचं टोक सरळ कॅम प्लेटच्या, म्हणजे ती टोकं धरणाऱ्या ॲल्युमिनियमच्या प्लेटच्या, भोकात. तिथे सुटं काढण्यासारखं काही नाही, भोक घासलं तर अख्खी प्लेट बदलायची. तेव्हा 'कॅमची सगळी बेअरिंग बदलली' असं लिहिलंत तर जाणकार हसतील. 'आतली दोन्ही सुयांची बेरिंगं बदलली' म्हणा. ट्विन कॅम म्हणजे दोन कॅमशाफ्ट, म्हणून दोन.

मूळ बेरिंगमध्ये सुया पिंजऱ्यात अंतराअंतरावर बसवलेल्या असतात. जोरकस कॅमसोबत व्हॉल्व्हच्या कडक स्प्रिंगा आल्या की भार वाढतो, म्हणून बरेच जण बिनपिंजऱ्याची, सुया खेटून भरलेली बेरिंगं घालतात. 'सुया खेटून भरलेली' हे वर्णन माझं. यापेक्षा मोजका शब्द मला सुचला नाही. एरवीही कॅम बाहेर निघालाच आहे तर स्वस्तातलं बेरिंग जुनं कशाला ठेवा? एक सुई तुटली तर तिचे तुकडे तेलाच्या पंपापर्यंत पोचतात.

धारवा कुठे वापराल? जिथे तिन्ही प्रकारांबद्दल एकदम बोलायचंय तिथे. 'कॅमशाफ्टचे धारवे तपासले' यात सुयाही आल्या आणि प्लेटचं भोकही. हे काम बेरिंग करत नाही.

लिंगाचं म्हणाल तर 'बेरिंग गेलं' आणि 'बेरिंग गेली' दोन्ही ऐकलंय. मी नपुंसकलिंगी लिहितो. क्रियापद मात्र 'जाणे'च. आमच्याकडचे मिस्त्री चाकाचं बेरिंग रॉकेलात धुऊन, बोटात अडकवून कानाशी फिरवायचे. खरखर ऐकू आली की एवढंच: 'गेलं.' नाटकवाल्यांचं बेअरिंग मात्र जात नाही, ते सुटतं. पण ते भूमिकेचं.