ट्रॅक्टरची बॅटरी नवी घालूनही रोज सकाळी उतरलेली असते. अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा भाग) बदलावा का?

लगेच बदलू नका, आधी बॅटरीला मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं मीटर) लावा. दोष बऱ्याचदा सैल बेल्टचा किंवा गंजलेल्या जोडाचा निघतो. इंजिन बंद असताना भरलेली 12 व्होल्टची बॅटरी साधारण 12.6 दाखवते, इंजिन सुरू करून थोडी रेस दिली की आकडा 13.8 ते 14.5 च्या दरम्यान जायला हवा. गेला, तर चार्जिंग ठीक आहे. रात्रभर बॅटरी कोण खातंय ते शोधा. नाही गेला, तर इंजिन बंद करून बेल्टचा ताण बघा, मग इंजिन परत सुरू करून, हेडलाइट लावून अल्टरनेटरच्या जाड वायरचा बोल्ट आणि बॅटरीचा प्लस यांच्यात मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर वायर किंवा जोड खराब. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवरचा बॅटरीचा दिवा लागतो ना? बऱ्याच जुन्या मशीनमध्ये त्या दिव्यातूनच अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट मिळतो. बल्ब उडाला की चार्जिंगही बंद (हे भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही). चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून बघायची जुनी सवय मात्र टाळा, अल्टरनेटरच्या आतले डायोड (नाजूक इलेक्ट्रॉनिक भाग) उडतात. मशीन 24 व्होल्टचं असेल तर बॅटरीचे वरचे आकडे दुप्पट धरा.