जुना मॅक ट्रॅक्टर ट्रक आणि घरसामानाचा ट्रेलर: ओळख कशी पटवायची, काम कुठून सुरू करायचं?

गोलसर केबिन, फुगीर मडगार्ड आणि बॉनेटवर बुलडॉगची छोटी मूर्ती असेल, तर अमेरिकेत तुमच्या हाती लागलेला जुना ट्रक बहुधा मॅक या अमेरिकी कंपनीच्या ‘बी’ मालिकेतला, म्हणजे १९५३ ते १९६६ मधला आहे. खात्री मात्र चेसिसवर (ट्रकच्या लोखंडी सांगाड्यावर) ठोकलेल्या नंबरावरूनच करा, कारण इतक्या वर्षांत केबिन आणि इंजिनं सर्रास बदललेली असतात. नंबराच्या सुरुवातीलाच मॉडेल कळतं. ‘बी-६१टी’मधला ‘टी’ म्हणजे ट्रॅक्टर, म्हणजे ट्रेलर ओढणारा ट्रक. १७ अंकी नंबर शोधत बसू नका, ती पद्धत १९८१ पासूनची. पेन्सिल्वेनियातल्या ॲलनटाउनचं मॅक संग्रहालय या नंबरावरून जुन्या नोंदी काढून देतं. ट्रेलरचा तळ पुढच्या जोडणीमागे एकदम खाली उतरत असेल, तर तो बहुधा घरसामान हलवण्यासाठी बनवलेला.

रंगाचा मोह सध्या आवरा. आधी हे बघा:
- एअर ब्रेकच्या (हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकच्या) नळ्या आणि डायफ्राम (आतले रबरी पडदे): सरळ नवे घाला.
- ट्रेलरच्या फळ्यांखालचे आडवे लोखंडी पट्टे: गंज तिथेच लपतो.
- दोन-तीन तुकड्यांच्या रिम: चाक सुरक्षेच्या लोखंडी पिंजऱ्यात ठेवल्याशिवाय हवा अजिबात भरू नका, रिमची रिंग उडाली तर माणूस जातो. हे काम जाणत्या टायरवाल्याकडेच द्या.