मोठा कुत्रा आहे, भाड्याने फ्लॅट मिळेना. एजंट म्हणतो, आधी कुत्र्याचं सांगूच नका. काय करावं, आणि शोधावं तरी कुठे?

आधीच सांगा. फोनवरच, पहिल्या दोन वाक्यांत. 'आधी चावी घ्या, मग कुत्रा आणा' म्हणायला एजंटचं काय जातंय? करार झाला की त्याची दलाली सुटली. सामान पुन्हा बांधायची वेळ तुमच्यावर येणार.

अगदी हाच सल्ला मला आमच्या दाजींनी दिला होता. "एकदा आत शिरलास की कोण काढतंय!" वर, "छोटा आहे म्हणून सांग." आमचा बंड्या लॅब्रेडॉर, वजन ३२ किलो. छोटा कुठल्या बाजूने सांगू?

मी खरं सांगत गेलो आणि नकार ऐकत गेलो. 'बघतो, कळवतो' म्हणून लोक फोन ठेवायचे. ज्या काकांचं घर शेवटी मिळालं, त्यांनीही आधी नाहीच म्हटलं होतं. त्यांच्या जुन्या भाडेकरूच्या कुत्र्याने बेडरूमच्या दाराची खालची कड पार ओरबाडून ठेवलेली. प्लायचे पापुद्रे सुटले होते, काका वाकून त्यावरून बोट फिरवत मला दाखवत होते. मी म्हटलं, "काका, आत्ता राहतो ते घर बघायला या. न कळवता या." खरंच आले. चौकटी बघितल्या, सोफ्याचे कोपरे चाचपले, बाल्कनीत उभं राहून वास घेतला. बंड्याने त्यांच्या चपला हुंगल्या आणि जाऊन फरशीवर पसरला. दाजी म्हणाले, "घरमालकाला घरी बोलावून परीक्षा देतोस? लाज नाही वाटत?" नाही वाटली. घर मिळालं.

दुसरी वादावादी करारावरून. काका तोंडी 'चालेल' म्हणाले होते, तरी मी करारात लिहून घेतलं: कुत्र्याची जात, वजन, आणि त्याने केलेलं नुकसान अनामत रकमेतून वळतं होईल. दाजींच्या मते हा वडीलधाऱ्या माणसाचा अपमान होता. पुढे काकांच्या मुलाने व्यवहार हातात घेतला आणि पहिल्याच भेटीत 'कुत्रा हलवा' म्हणाला. मी कागद काढून ती ओळ दाखवली. विषय तिथेच मिटला. दाजी अजूनही म्हणतात, मुलगा सज्जन होता म्हणून निभावलं. सज्जन होताच, पण ओळ वाचल्यावर.

कुठे शोधायचं? घरांच्या साइटवर 'पाळीव प्राणी चालतील' अशी चाळणी (फिल्टर) लावलीत तर यादीत काही उरतच नाही. ती काढा. संध्याकाळी ज्या इमारतींतून लोक कुत्री फिरवायला बाहेर पडतात तिथे त्यांनाच विचारा, तुमच्या पशुवैद्यांनाही विचारा. रेबीजच्या लशीचं कार्ड, नसबंदीचा कागद, जमल्यास आधीच्या घरमालकाचं दोन ओळींचं पत्र एकत्र ठेवा. राहायला जाताना रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा. दारांच्या खालच्या कडा विसरू नका. आत लघवी झालीच तर एन्झाइमवालं क्लीनर वापरा. अमोनियाचं नको, त्या वासाने कुत्रा पुन्हा तीच जागा गाठतो.

आणि 'मोठा' म्हणून कानकोंडे होऊ नका. ग्रेहाउंड एवढा उंच, पण दिवसातला बराच वेळ लोळत काढतो. बीगल त्याच्या निम्म्याने, पण हेल काढायला लागला की अख्खा जिना ऐकतो. खरा प्रश्न तुमच्या माघारी काय होतं हा आहे. बाहेर जाताना जुना फोन रेकॉर्डिंगला लावून ठेवा आणि स्वतः ऐका. एकटा राहिल्यावर रडत, दार खरवडत असेल तर आधी त्याचं बघा, घर नंतर. नाहीतर शेजारी तक्रार करतील आणि करारातली ओळही कामाला येणार नाही.

हे सगळं मोठ्या झालेल्या कुत्र्याचं. पिल्लू असेल तर साधारण चौथ्या ते सातव्या महिन्यात दात बदलतात, तेव्हा ते दिसेल ते कुरतडणारच. मालकाला घर दाखवायला बोलवायची ती वेळ नव्हे. आणि मालक हो म्हणाला तरी इमारतीचे नियम वेगळे असू शकतात: लिफ्ट, गच्ची, बाग. सही करण्याआधी तेही लेखी मागून घ्या.