अर्जात खरे लिहा, आईला आधी फोनवर सांगा

पत्राचा सारांश: मी ३३ वर्षांची, मूळची सांगली जिल्ह्यातली. काही वर्षांपासून टोरोंटोजवळ ब्रॅम्प्टनमध्ये नोकरी करते. माझी जोडीदार जालंधरकडची आहे. दोन वर्षांपासून आम्ही बेसमेंटमधल्या भाड्याच्या घरात जोडप्यासारख्या राहतो, पण घरी मी तिला ‘रूममेट’ म्हणूनच सांगितले आहे. दोघीही वर्क परमिटवर आहोत. मी आता एक्स्प्रेस एंट्रीतून, म्हणजे गुणांवर निवड करणाऱ्या कॅनडाच्या सरकारी पद्धतीतून, पीआरसाठी (कायमच्या वास्तव्यासाठी) अर्ज करते आहे. आमचे सल्लागार आपल्याच समाजातले आहेत. ते म्हणतात, “अविवाहित लिहून टाका, गुणही जास्त मिळतील आणि भानगडही नको.” त्यातच मे महिन्यात आई सहा महिन्यांसाठी येते आहे, दोन स्थळांचे फोटो घेऊन. तेवढे महिने जोडीदाराला दुसरीकडे राहायला सांगावे का? ती “चालेल” म्हणाली, पण तेव्हापासून नीट बोलत नाही.

तुमच्या मनात अर्ज आणि आई हे दोन विषय एकमेकांत इतके गुंतले आहेत की एकाची भीती दुसऱ्यावर बसली आहे. अर्जात जोडीदाराचे नाव आले म्हणजे सांगलीपर्यंत बातमी गेलीच, असे तुम्ही धरून चालला आहात. वास्तविक कॅनडाचे इमिग्रेशन खाते अर्जदाराच्या आईवडिलांना काहीही कळवत नाही, आणि परवानाधारक सल्लागारालाही अशिलाची माहिती बाहेर बोलता येत नाही. ते कुठे बोलतील अशी शंका असेल, तर सल्लागार बदला. तसाही जो मनुष्य तुम्हाला सरकारी अर्जात खोटे लिहायला सांगतो, त्याच्या हाती तुमचे भवितव्य राहू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण या एका रकान्यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. लग्नाच्या जोडप्यासारख्या नात्यात बारा महिने सलग एकत्र राहिलेल्या दोन व्यक्तींना कॅनडाचा इमिग्रेशन कायदा ‘कॉमन लॉ’ जोडीदार मानतो, आणि २००२ पासून त्यात स्त्रीपुरुष असा भेद उरलेला नाही. तुम्ही लग्न केलेले नसले तरी त्या कायद्याच्या दृष्टीने तुम्ही आज अविवाहित नाही. तसे लिहिणे ही खोटी माहिती ठरते. ती उघडकीस आल्यास पाच वर्षांची प्रवेशबंदी होऊ शकते आणि मिळालेले पीआरही जाऊ शकते. त्याहून मोठा धोका तुमच्या जोडीदाराला आहे. पीआरच्या अर्जात ज्या जोडीदाराची नोंद केली नाही आणि म्हणून ज्याची तपासणी झाली नाही, त्याला पुढे कुटुंबीय म्हणून प्रायोजित करण्याचा मार्ग नियमानुसार सहसा बंद होतो. उद्या तिचा परमिट संपला आणि तिला जालंधरला परतावे लागले, तर तुम्ही पीआर असूनही तिला बोलावू शकणार नाही. उलट आज तिचे नाव सोबत लावलेत, तर त्याच एका अर्जावर दोघींना पीआर मिळू शकते.

गुणांविषयी सल्लागार सांगतात त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. वय, शिक्षण, भाषा आणि कॅनडातला अनुभव यांसाठी एकट्या अर्जदाराला कमाल ५०० गुण मिळतात, जोडीदार सोबत असल्यास ४६०. मात्र उरलेले ४० गुण जोडीदाराचे शिक्षण, भाषापरीक्षा आणि कॅनडातला अनुभव यांवर मिळवता येतात. तिने अजून इंग्रजीची परीक्षा दिली नसेल, तर तिला लगेच बसवा.

पुराव्यांचे बघा. लपून राहणाऱ्या जोडप्यांची अडचण अशी की त्यांच्याकडे कागदच नसतात: भाडेकरार एकीच्या नावावर, विजेचे बिल दुसरीच्या, बँकखाती वेगळी, आणि फोटोंत नेहमी चार मैत्रिणी. तरी दोघींच्या बँकेच्या पत्रांवर आणि ड्रायव्हिंग लायसन्सवर एकच पत्ता असेल, तर तोही पुरावाच आहे. भाडेकरारात आता दोघींची नावे घाला, एक संयुक्त खाते उघडा आणि सहजीवनाचे शपथपत्र करून ठेवा.

आता घर सोडण्याविषयी. जोडीदाराला सहा महिने बाहेर पाठवू नका, आणि हा विचार मागे घेतल्याचे तिला आजच सांगा. परक्या देशात जिला तुमच्याखेरीज घरचे असे कोणी नाही, तिला स्वतःची पिशवी भरून, मसाल्याच्या डब्यावरचे गुरुमुखीतले चिकटपट्टीचे लेबलसुद्धा काढून निघायला सांगणे हे फार कठोर आहे. ती “चालेल” म्हणाली, कारण “नाही” म्हणायचा हक्क आपल्याला आहे की नाही हेच तिला कळेनासे झाले असावे.

याचा अर्थ आईला विमानतळावरून घरी नेताना गाडीत सगळे सांगून टाकावे, असा मुळीच नाही. उलट सांगायचे असेल तर आई सांगलीत असतानाच, फोनवर सांगा. तिथे तिची माणसे आहेत, मावशी असेल, शेजारीण असेल, दार लावून रडायला स्वतःची खोली आहे. ब्रॅम्प्टनच्या बेसमेंटमध्ये तिला हे कळले, तर बाहेर पडायला ना गाडी, ना भाषा, ना एखादी ओळख. राग आला तरी तो गिळून तिला मुलीच्याच घरी जेवावे लागेल. तशी वेळ तिच्यावर येऊ देऊ नका. तिकिटाच्या आधी निदान दोन महिने तिच्या हातात असू द्या. मात्र तुम्ही सांगलीतल्या पैशांवर किंवा घरावर अवलंबून नाही, याची एकदा खात्री करून घ्या.

“तिकडे जाऊन बिघडलीस” हे वाक्य बहुधा ऐकावे लागेल. तेव्हा कॅनडाच्या कायद्याचे दाखले देऊ नका, वाद वाढेल. तुमच्या मनात हे कधीपासून आहे, सांगलीच्या कॉलेजात असताना होते का, ते तुमच्या शब्दांत सांगा. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले, हे वडिलांना माहीत नसेल तर जरूर सांगा. त्यांच्या मनात पोलिसांची भीती असू शकते. आणि स्थळांचे फोटो पाहण्यास तेव्हाच नम्रपणे नकार द्या. त्या मुलांचीही फसवणूक व्हायला नको.

आईला बोलायला कोणी हवे असेल, तर भारतात समलिंगी मुलामुलींच्या पालकांचा ‘स्वीकार’ नावाचा गट आहे. दुसऱ्या आईशी बोलल्याने जे होते, ते आपल्या बोलण्याने होत नाही. तुम्हा दोघींसाठी टोरोंटोच्या चर्च स्ट्रीटवरचे ‘द ५१९’ हे समलिंगी व्यक्तींना आधार देणारे केंद्र आहे.

पुढे तिथे लग्न केलेत, तर ते कॅनडात पूर्ण वैध असेल. तिथे २००५ पासून तसा कायदा आहे. भारतात मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालानंतरही अशा विवाहाला मान्यता नाही. म्हणून भारतातल्या ठेवी आणि जमिनीच्या हिश्श्यासाठी मृत्युपत्र करून ठेवा. बँकखात्यावर जोडीदाराला नॉमिनी नेमायला हरकत नाही, असे केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे.

फोनवर सगळे ऐकून आईने तिकीट रद्द करायला सांगितले, तर तारीख पुढे ढकलून द्या, आणि दर रविवारचा फोन चुकवू नका, तिने उचलला नाही तरी.